मक्याच्या ट्रकमागचा बर्फ

काटेरावांच्या आईबापांनी त्यांचं नाव काहीतरी दुसरंच ठेवलं होतं. पण ज्या माणसाचा निम्मा जन्म वजनकाट्यावर गेला, त्याला काटेराव नाही म्हणायचं तर काय गुलाबराव म्हणायचं?

वस्ती संपते आणि गोदामं सुरू होतात, त्या वळणावर हा काटा. काटा म्हणजे जमिनीला लागून बसवलेली लांबरुंद लोखंडी फळी. तिच्यावर भरलेला ट्रक येऊन उभा राहतो आणि बाजूच्या खोलीतल्या पेटीत लाल आकडे उजळतात. माल उतरवून तोच ट्रक परत येतो, रिकामा तोलला जातो. मोठ्या आकड्यातून धाकटा वजा केला की उरतो तो माल. इतकं सरळ काम. हाच हिशेब माणसांना लावला तर पुष्कळांचा भरला आकडा आणि रिकामा आकडा एकच निघेल, पण ते असो.

बाजूच्या खोलीला मालक ऑफिस म्हणत. मालकाच्या तोंडाला कोण हात लावणार? आत एक टेबल, आकड्यांची पेटी, चिठ्ठी ओकणारं यंत्र आणि एक पंखा. पंखा फिरताना दिसायचा, अंगाला लागायचा नाही. खुर्ची काटेरावांच्या बैठकीनं एका अंगाला अशी खचली होती की दुसरा कुणी बसला तर घसरत दाराशी जायचा. त्या खुर्चीवरून काटेराव सकाळी राज्य सुरू करत आणि अंधार पडला की संपवत. बदली माणूस नाही, त्यामुळे रजा नाही. नात्यात कुणी वारलं तरी काटेरावांना निरोप काट्यावर, आणि बारशाचा पेढाही काट्यावरच.

मात्र काम चोख. ट्रक फळीवर आला की ड्रायव्हर खाली, त्याचा जोडीदार खाली, पाण्याचा कॅन खाली. एकदा एक जोडीदार मागच्या फळकुटावर घोरत पडलेला.

"उतर खाली!" काटेराव खिडकीतून ओरडले.

"काका, झोपलोय."

"झोपेलाही वजन असतं. उतर!"

एकदा एक शेळी फळीवर चढली, तर तिला हाकलायला हा गडी भर उन्हात चप्पल न घालता धावला. शेळीभर वजनसुद्धा मालात जाऊ द्यायचं नाही! दोन व्यापारी भांडत आले तरी शेवटी म्हणायचे, "काटेरावाच्या चिठ्ठीवर काय असेल ते खरं." अख्ख्या आयुष्यात माणसाची एवढीच कमाई झाली होती, आणि ती थोडी नव्हती.

आता प्रत्येकाच्या नशिबी काहीतरी दुखणं असतं. कुणाला संधिवात, कुणाला मूळव्याध. काटेरावांना साडू होता.

हा साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कोंबड्यांचं खाद्य करणाऱ्या कारखान्यात मक्याच्या खरेदीवर होता. कारखान्यात पंधरा माणसं त्याच्या हाताखाली, असं तो सांगायचा. मोजायला कुणी गेलं नव्हतं. तर हा साडू थोरलीला घेऊन थंडीच्या डोंगरात फिरून आला आणि परत आल्या आल्या फोटो दाखवायला काटेरावांच्या घरी हजर.

"हा मी. मागं डोंगर," साडू बोटानं फोटो सरकवत म्हणाला. "हा डोंगर. पुढं मी. ही ही, मागं डोंगर."

"ही ही" म्हणजे थोरली. तिच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा कोट होता आणि चेहऱ्यावर तो उसना आणल्याची काळजी होती.

चहा झाला, दुसरा चहा झाला, डोंगर काही संपेना. उठताना साडूनं काटेरावांच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही कधी निघता बाहेर? की आपला काटाच बरा?"

तेवढंच बोलला. पण काही माणसं बोलतात आणि घरी जातात, बोललेलं मात्र पाहुण्यासारखं आपल्याकडंच मुक्कामाला राहतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका ट्रक ड्रायव्हरनं काटेरावांना मोबाइलवर एक चमत्कार दाखवला. तो स्वतः टायर बदलताना पंक्चरच्या दुकानापुढं उभा होता, आणि व्हिडिओत मात्र राजवाड्यापुढं. हातात पाना तसाच.

"कसं केलं रे हे?"

"सोपं आहे काका. मागचं पुसायचं, हवं ते लावायचं. फक्त मागं एकरंगी काहीतरी पाहिजे, आणि हलायचं नाही. हललात की हात जातो."

"हात जातो म्हणजे?"

"दिसत नाही. तुमचा तुम्हाला असतोच."

काटेरावांनी पहिला प्रयोग घरी केला. बायकोला चादर धरून उभं केलं. चादरीवर फुलं होती, ती बर्फातही राहिली. जगात कुठं नसेल असा बर्फ तयार झाला, गुलाबांचा. दुसरा प्रयोग ऑफिसातल्या भिंतीपुढं. भिंतीचे पोपडे निघाले होते, तेवढे सोडून बाकी सगळीकडं समुद्र आला. साडूला पाठवावं असं त्यात काही नव्हतं.

मग एके दुपारी बायको डबा घेऊन आली तेव्हा फळीवर मक्याचा ट्रक उभा होता. मागच्या बाजूनं थेट खालपर्यंत ताडपत्री ओढलेली, हिरवीगार, नगाऱ्यासारखी ताणलेली, तिच्यावर लख्ख ऊन. काटेराव ताडपत्रीकडं बघतच राहिले. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही त्यांनी असं बघितलं नव्हतं, हे त्यांच्या बायकोचं मत.

इथं काट्याच्या कामाची एक गोष्ट सांगायला पाहिजे. ट्रक फळीवर आला की आकडा जरा वेळ थरथरतो. काटेरावांनी कळ दाबून ठेवली की यंत्र वाट बघत बसतं, आणि आकडा स्थिरावला की आपणहून चिठ्ठी काढतं. म्हणजे कळ दाबल्यावर माणसाला थोडी फुरसत. पूर्वी काटेराव या फुरसतीत कान कोरत.

आता ते कळ दाबत, कोपऱ्यातलं स्टूल उचलत आणि ट्रकच्या मागं जाऊन ताडपत्रीपुढं त्याच्यावर उभे राहत. फळी लांब, ट्रक आखूड, मागं ऐसपैस जागा. बायको चार हात अंतरावर, मोबाइल धरून. ड्रायव्हर चहाच्या टपरीवर. हललं की हात जातो, म्हणून काटेराव पुतळ्यासारखे ताठ. बायकोलाही ताकीद, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

"नमस्कार मंडळी! थंडी किती आहे म्हणून सांगू!" काटेराव बोलायचे आणि घाम कानामागून सदऱ्यात उतरायचा. मागं बर्फाचे डोंगर.

कुणीतरी खाली लिहिलं, "बर्फात घाम कसा?" काटेरावांनी उत्तर दिलं, "चढ होता."

समुद्रकिनाऱ्यावरच्या व्हिडिओत मागून ट्रकचा हॉर्न वाजला. ते म्हणाले, "जहाज आलं वाटतं." किल्ल्यावरच्या व्हिडिओत त्यांचा डावा कान गेला, पण कानासाठी कुणी किल्ला बघत नाही. जंगलातल्या व्हिडिओत ट्रकवरून चार मक्याचे दाणे त्यांच्या डोक्यावर पडले, तर ते म्हणाले, "इथं झाडावरून बिया पडतात. फार औषधी असतात." खाली तिघांनी झाडाचं नाव विचारलं.

बघता बघता काटेरावांचं नाव झालं. टपरीवाला विचारायचा, पुढं कुठं? गल्लीतला निवृत्त पोस्टमन बायकोला घेऊन तीर्थाला निघाला, तो आधी काटेरावांना विचारून गेला की चढायला बूट बरे की चपला. काटेराव क्षणभर दूर बघत राहिले, दूर चढून आलेली माणसं बघतात तसे, आणि म्हणाले, "बूट. पण पायाची सवय महत्त्वाची." त्यांच्या पायाला सवय फक्त टेबलाखालच्या आडव्या दांडीची होती.

सगळ्यात गोड फळ म्हणजे साडू. तो प्रत्येक व्हिडिओ बघायचा. काटेराव बर्फात गेले की चार दिवसांनी साडू थोरलीला घेऊन बर्फाची चौकशी करायचा. काटेराव किल्ल्यावर गेले तर साडूही त्या किल्ल्यावर चढला आणि गुडघा धरून उतरला. काटेराव स्टुलावरून उतरून डबा खात होते.

या सगळ्यात बायकोचं काय? तीही एकदा बर्फात उभी राहिली होती. पण त्या दिवशी तिच्या अंगात हिरवे कपडे. व्हिडिओत नुसतं डोकं आणि दोन हात बर्फावर तरंगले. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "संसारात माझं एवढंच शिल्लक आहे, ते बरोबर आलंय." त्यानंतर काटेरावांनी तिला मोबाइलच्या मागंच ठेवलं. तिला कॅमेऱ्यापुढं जमत नाही, असा निर्णय दिला.

परिणाम असा झाला की लोकांना दिसे नवरा जगभर आणि बायको घरी. गल्लीतल्या बाया तिच्याकडं बघून हळहळायच्या. थोरलीचा तर दर दोन दिवसांनी फोन.

"एकटाच गेला गं? तुला नाही नेलं?"

"तसं नाही गं ताई."

"कसं नाही? समुद्रावर एकटा हसतोय मेला. तू काय करत होतीस तेव्हा?"

तेव्हा ती समुद्रासमोर मोबाइल धरून उभी होती, पण सांगायची सोय नव्हती. काटेरावांनी शपथ घातलेली. नवऱ्यानं टाकल्यासारखी कीव अंगावर घेऊन ती रोज डबा आणायची आणि त्याच नवऱ्याला म्हणायची, "जरा डावीकडं सरका, टोपीचं टोक डोंगरात जातंय."

एके सकाळी मात्र डोंगरच काट्यावर आला. मक्याचा तोच ट्रक आदल्या दुपारी तोलून कारखान्यात गेला होता, तो भरलेलाच परत फळीवर येऊन उभा राहिला. पुढून साडू उतरला. मागून स्कूटरवर मालक. मालक काट्यावर आले म्हणजे कुणीतरी मेलंय नाहीतर मरणार आहे, एवढं काटेरावांना माहीत होतं.

मालक खुर्चीत बसले, घसरले, सावरून उभेच राहिले.

"काटेराव, या ट्रकचं वजन करा."

केलं. चिठ्ठी आली. मालकांनी खिशातून आदल्या दिवशीची चिठ्ठी काढून तिच्याशेजारी धरली. त्याच ट्रकचं वजन दीड क्विंटलनं घटलं होतं.

"रात्रभर आमच्या आवारात कुलूपबंद होता," साडू म्हणाला. "एक पोतं उतरवलं नाही. मग हा मका गेला कुठं? पंख फुटले?"

"वाळला असेल," काटेराव म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही.

"एका रात्रीत? मका आहे का धुणं?" साडूनं आवाज चढवला. "आणि हे आजचं नाही. महिनाभर चाललंय. तुमच्याकडं जास्त, आमच्याकडं पोतं-पोतं तोललं की कमी. दर वेळी तेवढंच कमी! इतक्या शिस्तीत गळणारा मका मी जन्मात बघितला नाही."

"सगळेच ट्रक?" मालकांनी विचारलं.

"नाही ना! निळ्या ताडपत्रीचे बरोबर येतात. हिरव्या ताडपत्रीचेच गळतात. हिरव्या ताडपत्र्या आम्हाला मका विकणाऱ्या त्या एकाच आडत्याच्या. आता काय ते समजा."

हिरवी ताडपत्री म्हटल्याबरोबर काटेरावांची नजर कोपऱ्यातल्या स्टुलाकडं गेली. माणूस काट्यावरचा. त्याला बेरीज करायला कागद लागत नाही. स्वतः, बायको, स्टूल. बरोबर दीड क्विंटल. संध्याकाळी ट्रक रिकामा यायचा तेव्हा ताडपत्री गुंडाळलेली, बायको घरी, शूटिंग बंद. म्हणजे भरल्या वजनात नवराबायको होते, रिकाम्यात नव्हते. उरले ते दोघं मका म्हणून विकले गेले होते. शेळीला हाकलणारा माणूस महिनाभर स्वतःच फळीवर उभा होता, आणि वर यंत्राला फसवायला पुतळ्यासारखा ताठ!

"बोला काटेराव," मालक म्हणाले. "आडत्याशी साटंलोटं आहे का?"

"नाही."

"मग?"

काटेरावांनी आकड्यांच्या पेटीवरची धूळ बोटानं पुसली.

"मी सांगतो," साडू पुढं झाला. मोबाइल काढून त्यानं मालकांपुढं धरला. "हा बघा बर्फ. हा समुद्र. हे सरोवर. काट्यावरचा माणूस एवढं फिरतो कुठून? मी खरेदीवरचा, मला एका डोंगरानं गार केलं. बर्फ काय फुकट पडतो यांच्यावर? आमच्या मक्यावर चाललंय हे फिरणं!"

मालक बर्फाकडं बघत राहिले. त्यांच्या कपाळावर एकेक आठी चढत गेली.

"पण काटेराव, तुम्ही रजा तर कधी घेतली नाही."

"नाही."

"म्हणजे हजेरी इथं आणि स्वारी समुद्रावर! तेव्हा काट्यावर कोण होतं?"

"मीच होतो."

"मग समुद्रावर कोण होतं?"

आता बोला. एका वाटेनं गेलं तर चोर, दुसरीनं गेलं तर कामचुकार. तिसरी वाट होती, ती खरी होती, आणि ती साडूच्या अंगावरून जात होती. "मी कुठंच गेलो नाही" एवढे चार शब्द बोलले की खुर्ची वाचत होती. काटेरावांनी तोंड उघडलं. समोर साडू उभा होता, एक पाय जरा वाकडा ठेवून. किल्ल्यावरचा गुडघा अजून बरा नव्हता. तो गुडघा काटेरावांना दिसला आणि तोंड मिटलं.

माणसाचं डोकं कसं चालतं बघा. चोर म्हणवून घ्यायला हा तयार झाला, पण घरबशा म्हणवून घ्यायला नाही. चोराला निदान बर्फ बघितल्याची इज्जत तरी राहते!

"असेल माझंच काहीतरी चुकलं," काटेराव म्हणाले, आणि खिशातून ऑफिसची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"एवढंच?" मालकांनाही ते अपेक्षित नव्हतं. "इतक्या वर्षांची चाकरी, लोक तुमच्या चिठ्ठीवर डोळे झाकून सही करतात, आणि तुम्ही नुसती किल्ली ठेवता?"

"काय सांगणार?" काटेराव म्हणाले.

ड्रायव्हर मंडळी दाराशी गोळा झाली होती. टपरीवाला टपरी सोडून आला होता. एकजण हळूच म्हणाला, "म्हणजे इतके दिवस आपल्यालाही हाणलंय काय यानं?" हे वाक्य काटेरावांच्या कानात गेलं. त्यांची मान खाली गेली.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. गर्दी बघून तिला वाटलं, नवरा स्टुलावरून पडला.

"काय झालं? कुठं लागलं?"

"चोरी केली तुझ्या नवऱ्यानं," साडू म्हणाला. "दीड क्विंटल मका, दर खेपेला. तुला घरी बसवून त्या मक्यावर जग फिरतोय. थोरली सांगत होती ते खोटं नव्हतं."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं डोळ्यांनीच विनवलं, बोलू नको. तिनं टेबलावरची किल्ली बघितली.

"ही किल्ली का काढून ठेवली?"

"मालकांची आहे, मालकांना दिली," काटेराव पुटपुटले.

"चोर म्हणाले आणि तुम्ही 'हो' म्हणालात?"

"हो नाही म्हणालो. गप्प बसलो."

"गप्प बसायला मी आहे की घरात! आता तुम्हीपण?" तिनं डबा टेबलावर आदळला, कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि नवऱ्याचं मनगट धरून त्याला दाराबाहेर ओढला. "चला. दाजी, तुम्ही त्या आकड्यांकडं बघत राहा. मालक, तुम्हीपण."

"अगं ऐक—"

"ऐकलं महिनाभर. डावीकडं सरक म्हणालात, सरकले. श्वास घेऊ नको म्हणालात, नाही घेतला. चढा आता."

तिनं ट्रकच्या मागं ताडपत्रीपुढं स्टूल ठेवलं. आतमध्ये लाल आकडा जरासा हलला. काटेराव स्टुलावर चढले, फाशी जाणारा चढतो तसे. आकडा उडी मारून वर गेला. मग ती आपल्या रोजच्या जागी जाऊन उभी राहिली, हात पुढं करून, मोबाइल धरल्यासारखी. आकडा आणखी एक उडी मारून थांबला. मालकांनी कळ दाबली आणि यंत्रानं घरघर करत चिठ्ठी बाहेर काढली.

मालकांनी चिठ्ठी उचलली, कालची शेजारी धरली. दोन्ही तंतोतंत. ते कधी चिठ्ठीकडं बघत, कधी खिडकीबाहेर ताठ उभ्या असलेल्या जोडप्याकडं.

"हे काय करताय तुम्ही तिथं?"

"बर्फ," बायको म्हणाली. "रोज दुपारी बर्फ असतो नाहीतर समुद्र. ते बोलतात, मी मोबाइल धरते."

ड्रायव्हरांच्यात एकजण आधी फुसकन हसला, मग दुसरा, मग टपरीवाल्यानं मांडीवर थाप मारली. ज्या माणसानं प्रत्येकाला आयुष्यभर फळीवरून खाली उतरवलं, त्याला फळीवर स्टूल मांडून उभा बघायचा योग परत येणार नव्हता. "काका, उतरा खाली!" मागून कुणीतरी ओरडलं, हुबेहूब काटेरावांच्याच आवाजात.

साडू हसला नाही. तो लंगडत बाहेर आला आणि ताडपत्रीला हात लावून बघितला.

"म्हणजे बर्फ...?"

"ताडपत्री," काटेराव स्टुलावरूनच म्हणाले.

"समुद्र?"

"ताडपत्री."

"आणि सरोवराकाठचा सूर्यास्त? तो बघून थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं!"

"ताडपत्रीच. दुपारची."

"किल्ला?" साडूचा आवाज चिरका झाला. "अहो, त्या किल्ल्यापायी मी गुडघा मोडून घेतला! अर्ध्या वाटेत ही म्हणत होती परत फिरू, मी म्हटलं, तो काट्यावरचा चढतो आणि मी नाही चढणार?"

"चढायचं कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही! व्हिडिओत! म्हणालात, सहज चढता येतो!"

"स्टूल सहजच चढता येतं," बायको म्हणाली. "दाजी, तेवढं ताईला सांगा. मला कुणी टाकलेलं नाही. जग फिरले ते माझ्यासमोर उभे राहून फिरले."

मालकांनी त्या दोघांना खात्रीसाठी म्हणून आणखी दोन वेळा उतरवलं आणि चढवलं. खात्री पहिल्याच खेपेला झाली होती, पण मालकांच्या आयुष्यातही करमणूक कमी. मग त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि काटेरावांच्या पुढं धरली.

"चोर असतात तर आत्ता हाकललं असतं. येडा माणूस नोकरीवर ठेवता येतो. मीही कुणाच्या तरी येडेपणावर धंदा चालवतोच आहे."

"मालक, पण एवढे ट्रक..." काटेरावांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "माझ्या चिठ्ठीत कधी चूक नव्हती हो."

"चिठ्ठीत अजूनही नाही. जे फळीवर होतं ते काट्यानं सांगितलं. तुमचा काटा तुमच्यापेक्षा खरा निघाला."

जास्तीचा धरलेला मका आडत्यानं तोंड वाकडं करत पुढच्या खेपांना भरून दिला. त्याची कुरकुर अशी की यात त्याचा काय दोष. दोष नव्हताच, फुकट आलेलं परत करताना माणसाला स्वतःचा निर्दोषपणा फार जाणवतो.

काटेरावांचं प्रवासी नाव मात्र दोन दिवसांत गेलं. ड्रायव्हर लोक बातमी ट्रकपेक्षा लांब नेतात. टपरीवाला पुढं कुठं विचारेनासा झाला. निवृत्त पोस्टमन तीर्थाहून परतला, त्याच्या टाचांना बुटांनी फोड आले होते. तो काट्यावरून जाताना नमस्कार करत नाही. व्हिडिओ अजून तसेच आहेत, कारण ते काढायचे कसे हे काटेरावांना माहीत नाही. लांबच्या कुणाकुणाला अजून तो बर्फ आवडतो.

खरा बदला साडूनं घेतला, आणि तोही कारखान्याच्या कागदी भाषेत. त्यानं मालकांना कळवलं की विश्वास ठेवायला आमची हरकत नाही, पण इथून पुढं मक्याचा प्रत्येक ट्रक तोलताना काटेवाला आपल्या खुर्चीवर बसलेला असल्याचा फोटो ड्रायव्हरनं काढायचा आणि चिठ्ठीसोबत कारखान्यात पाठवायचा. फोटोत पूर्ण माणूस दिसला पाहिजे आणि मागची भिंतसुद्धा. मालकांनी लगेच मान्य केलं. त्यांना ते फार आवडलं, आणि मग मक्याचेच का, म्हणून सगळ्या ट्रकांना लागू केलं.

त्यामुळे आता दिवसभर काटेरावांचे फोटो निघतात. मागं पोपडे, बाजूला न लागणारा पंखा, खाली खचलेली खुर्ची. साडू ते एकेक करून बघतो म्हणे, जेवणाच्या सुट्टीत, गुडघा शेकत. बायको डबा ठेवते आणि लगेच परत जाते. थोरलीचा फोन आता कमी येतो. कीव करायला काही उरलेलं नाही, आणि निव्वळ गप्पांसाठी फोन करायची तिला सवय नाही.

परवा एक नवा ड्रायव्हर आला. मोबाइल धरून बराच वेळ खिडकीतून डावी-उजवीकडं करत राहिला.

"काका, जरा हसा की. फार रडका येतोय."

काटेरावांनी भांग सारखा केला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि सरळ समोर बघितलं.

"काट्यावर हसत नसतात," ते म्हणाले. "भिंत नीट येतेय का बघ, आणि तुझा तो जोडीदार मागं झोपलाय, त्याला आधी खाली उतरव."